सनदेतला हक्क आणि संविधानातला हक्क

भारतीय संविधानाचा तिसरा भाग वाचनवर्गात घ्यावा की घेऊ नये, याबद्दल आमच्यात आधी बराच वाद झाला. ज्या बैठकीत ज्ञानेश्वरीचे अध्याय आणि केशवसुतांच्या कविता वाचावयाच्या, तीत अनुच्छेद आणि उपखंड कशाला, असा एका पक्षाचा आक्षेप होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की जो मजकूर मराठीत उपलब्ध आहे आणि जो आपल्या जगण्याला रोज स्पर्श करतो, तो मराठी गद्य म्हणून वाचून पाहावयास हरकत कोणती? अखेर दुसरा पक्ष जिंकला आणि मलकपेठेतल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर चार रविवार हे वाचन झाले.

चौथ्या रविवारी, ऐंशी ओलांडलेल्या आणि तोवर एक शब्दही न बोललेल्या एका काकांनी विचारले, "हक्क हक्क म्हणता आहात, पण सनद कोणाची?" कोणीतरी हसले. काका हसले नाहीत. "आमच्या पेटीतही हक्क आहेत," ते म्हणाले, "पण त्यांवर शिक्का कोणाचा ते वाचता येते. यांवर कोणाचा आहे?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, हे घरी परतताना आमच्या ध्यानात आले. हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांतून सनदांच्या सुरळ्या, मोडीतले ताकीदपत्र, एखादे मुलकी प्रमाणपत्र असे कागद पत्र्याच्या पेटीत अजून जपलेले सापडतात. त्या कागदांतला हक्क आणि संविधानातला हक्क हे एकच अक्षरचिन्ह आहे. अर्थ मात्र एक आहे काय? प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न कायद्याचा म्हणून नव्हे, तर शब्दाचा आणि वाक्यरचनेचा म्हणून तपासणार आहोत. मराठीत संविधानाविषयी लिखाण पुष्कळ झाले. पण त्यातले बरेचसे एक तर आरतीच्या सुरात आहे किंवा परीक्षार्थींच्या मार्गदर्शिकेच्या. मजकूर समोर ठेवून त्यातली क्रियापदे कोणती, कर्ता कोण, असे विचारणारे लेखन आमच्या वाचनात फारसे आले नाही.

शब्दापासून आरंभ करू. 'हक्' हा मूळचा अरबी शब्द. सत्य, न्याय्य आणि यथार्थ हे त्याचे अर्थ. ईश्वराच्या नामांपैकीही ते एक. 'अनल्‌हक' म्हणणाऱ्या मन्सूर अल् हल्लाजची कथा दक्खनी घरांना अपरिचित नाही. हा थोर शब्द फारसीच्या वाटेने दक्षिणेतल्या दफ्तरांत आला आणि तेथे त्याचा अर्थ आकसला. देशमुखाचा हक्क, देशपांड्याचा हक्क, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क आणि मानपान, बलुतेदारांचे हक्क या प्रत्येक ठिकाणी हक्क म्हणजे वाटा होता: खळ्यातल्या धान्याचा, बाजारातल्या फसकीचा, सणाच्या पहिल्या मानाचा. तो जन्माने मिळे, एका विशिष्ट घराला मिळे आणि शेजारच्या घराला मिळत नसे. किंबहुना शेजाऱ्याला नसणे हेच त्याचे मोल होते.

अशा हक्काला सनद लागे. जुन्या सनदांत एक ठराविक कलम असते: अंमलदाराने वतनदाराकडे दरसाल नव्या सनदेची मागणी करू नये, नक्कल ठेवून घेऊन अस्सल कागद परत द्यावा. वाचताना हे कलम अभयदानासारखे वाटते. पण ते लिहावे लागले यातच भय आहे. राजा बदलला, दिवाण बदलला, कारभाऱ्याची मर्जी फिरली की हक्क पुन्हा सिद्ध करावा लागे. देणारा आहे म्हणजे परत घेणाराही आहे. सनदेला तारीख असते, शिक्का असतो आणि दात्याचे नाव सर्वांत वर असते.

आता संविधानाच्या मराठी पाठाकडे वळू. 'फंडामेंटल राइट्स' यासाठी हिंदी पाठाने 'मूल अधिकार' हा शब्द घेतला. मराठीने 'मूलभूत हक्क' म्हटले. ही निवड आम्हांला फार शहाणपणाची वाटते. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्द हटवण्याचा उद्योग झाला होता, आणि विसाव्या शतकातल्या भाषांतरकारांनाही तो मोह झाला असता तर नवल नव्हते. पण मराठीत अधिकार हा अधिकाऱ्याचा असतो. नागरिकाचा असतो तो हक्क. हा भेद मराठी कानाला जन्मजात कळतो. आमच्या मलकपेठेतला उर्दूभाषक शेजारी याच गोष्टीला 'बुनियादी हुकूक' म्हणतो. तेव्हा निदान या एका शब्दापुरता तरी चादरघाटच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना दुभाष्या लागत नाही.

सर्वच निवडी इतक्या सुखद नाहीत. 'प्राधिलेख', 'देहोपस्थिती', 'प्राकर्षण' हे शब्द तुरुंगात पडलेल्या माणसाच्या नातलगाने कसे उच्चारावेत, हे आम्हांस कळत नाही. ज्या उपायाने कोंडलेला माणूस न्यायाधीशापुढे जिवंत उभा राहतो, त्या उपायाचे नावच कुलूपबंद असावे, ही विपरीत गोष्ट आहे. उलट 'हक्कांचा संकोच' ही योजना पाहा. 'अ‍ॅब्रिजमेंट' या रुक्ष शब्दाला मराठीने असे नाव दिले की ऐकणाऱ्याला एकाच वेळी आक्रसणेही दिसावे आणि बुजणेही. राज्याने हक्कांचा संकोच करू नये, आणि नागरिकानेही हक्क सांगताना संकोच करू नये. भाषांतरकाराच्या मनात हा श्लेष नसेल. भाषेने तो आपसूक केला.

खरी गंमत क्रियापदांत आहे. अनुच्छेद १४ पाहा. राज्याने कोणाला समानता द्यावी, असे तेथे म्हटलेले नाही. राज्य ती 'नाकारणार नाही', असे म्हटले आहे. अनुच्छेद २१ मध्ये जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य कोणी बहाल केलेले नाही. कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीवाचून त्यांपासून कोणाला 'वंचित' करता येत नाही. वंचित करावयाचे तर ती वस्तू आधी माणसाजवळ असली पाहिजे. येथे राज्य दात्याच्या गादीवर बसलेले नाही. ते उंबऱ्याबाहेर उभे आहे आणि आत येऊ नको असे त्याला सांगितले आहे. ही सनदेची भाषा नव्हे. सनदेत सरकार बोलते. येथे सरकारला बोलले जाते.

पण पुढे अनुच्छेद १३ आणि ३२ यांत निराळाच शब्द येतो. तेथे हक्क 'या भागाने प्रदान केलेले' आहेत. मूळ इंग्रजीत 'कन्फर्ड' आहे, म्हणून भाषांतरकाराला दोष देता येत नाही. प्रदान! काकांचा प्रश्न येथे अगदी रास्त ठरतो. प्रदान केले तर केले कोणी? एकाच मजकुरात दोन आवाज आहेत. एक म्हणतो, हे तुझेच आहे, हात लावणार नाही. दुसरा म्हणतो, हे तुला दिले आहे. वाङ्मयीन कृतीत असा दुभंग सापडला तर समीक्षक त्याला कधी दोष म्हणतात, कधी समृद्धी. कायद्यात त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. त्याकडे पुढे येऊ.

हे दोन आवाज आपल्याकडे कोठून आले, याचे नेहमीचे उत्तर परदेशाकडे बोट दाखवते, आणि ते चुकीचे नाही. इंग्लंडच्या जॉन राजाने १२१५ मध्ये सरदारांना जी मोठी सनद दिली ती शब्दशः सनदच होती: शिक्क्याची, आणि मुख्यतः 'मुक्त' माणसांपुरती, जमिनीला जखडलेल्या कुळांना तिचा लाभ फारसा नव्हता. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने हक्क माणसाच्या जन्माला जोडले. १७९१ च्या अमेरिकन दुरुस्त्यांनी देण्याची भाषाच टाकून मनाईची भाषा धरली. आपल्याकडे १९२८ चा नेहरू अहवाल, १९३१ चा कराची ठराव आणि नंतर संविधान सभेची मूलभूत हक्क उपसमिती हा क्रम शाळेतली मुलेही सांगतात. परंतु या वंशावळीने एक गोष्ट उलगडत नाही. युरोप-अमेरिकेच्या त्या मजकुरांत भय आहे ते राजाचे, सरकारचे. आपल्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात मात्र विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, दुकाने, उपाहारगृहे यांची यादी आहे. जगातल्या हक्कांच्या थोर मजकुरांत विहीर आणि घाट कोठून आले?

ते कोकणातून आले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत. त्याशेजारी अनुच्छेद १५ चा तो खंड ठेवून पाहा. पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेली किंवा सर्वसाधारण जनतेला वाहिलेली स्थळे, ही त्यातली अट बोले ठरावातल्या अटीची सख्खी बहीण आहे. ठराव मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे कागदोपत्री नोंदवले. पाणी मात्र कोणी भरू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा कागदातला हक्क हातात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली.

या प्रकरणाची आमच्या विषयाला सर्वांत उपकारक बाजू न्यायालयातली आहे. तळे आमचे, त्यावर पूर्वापार आमचीच वहिवाट, असा दावा सवर्ण फिर्यादींनी लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला गेला. अशी अनादिकालापासूनची रूढी सिद्ध झाली नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे दहा वर्षे दोन हक्क एकमेकांसमोर उभे होते. फिर्यादींचा हक्क वतनी धर्तीचा, शेजाऱ्याला वगळून किंमत मिळवणारा. प्रतिवादींचा हक्क असा, की तो एकाला मिळाल्याने दुसऱ्याचा घोटभरही कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या मुलखाशी निगडित आहे. महारांच्या 'बावन्न हक्कां'ची सनद बेदरच्या बादशहाने अमृतनाक महारास दिली, अशी कथा आहे. बेदर म्हणजे पुढच्या हैदराबाद संस्थानातलेच. त्या बावन्नांत काय होते? मेलेल्या गुराचे कातडे, घरोघरची भाकरी, अशा गोष्टी. हक्क हाच शब्द, पण त्याच्या आधाराने माणूस पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या दाराशी बांधलेला. डॉ. आंबेडकरांनी महाडला आपल्या लोकांना सांगितले, की मृतमांस आणि उष्टे टाका, वतनाचा मोह सोडा. १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयकही त्यांनी मांडले. बावन्न हक्क सोडावयाचे आणि एक मागावयाचा. मराठी भाषेत हक्क शब्दाचा अर्थ नेमका कोठे पालटला, असे कोणी विचारले तर आम्ही महाडच्या तळ्याच्या पायऱ्या दाखवू. कोशकारांनी ही नोंद करावी, अशी आमची सूचना आहे.

आता घरचा हिशेब. हैदराबाद संस्थानात नागरी स्वातंत्र्याची मागणी जुनी आहे. १८८३ मध्ये चांदा रेल्वे योजनेविरुद्ध लोकमत उभे केले म्हणून अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले. १९२९ ची गश्ती निशान त्रेपन्न ही तर आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात म्हणीसारखी येई. सभा घ्यावयाची तर आगाऊ परवानगी घ्या, असा तिचा रोख. त्यामुळे संस्थानची राजकीय परिषद संस्थानात भरू शकत नसे. ती काकिनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशी १९२३ ते १९३१ या काळात परमुलखात फिरली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, काशिनाथराव वैद्य ही नावे आपल्या वाचकांस सांगावयास नकोत. मात्र या मंडळींच्या मागण्यांचा सूर पाहावा. हक्क मागितले जात होते ते हुजुरांकडे. १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी आलेल्या स्टेट काँग्रेसचे ध्येयही निजामांच्या छत्राखालची जबाबदार राज्यपद्धती असेच होते. ही त्या पिढीची भीरुता नव्हे. ज्या राज्यात परवानगीवाचून चार माणसे जमत नाहीत तेथे अर्ज हाच एक साहित्यप्रकार उरतो.

पण आपण मराठी माणसे अर्जदार होतो तशी, त्याच काळात, नाकारणारीही होतो. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे सभेने शांतपणे ऐकली. अलमपल्ली वेंकट रामाराव हे वकील तेलुगूत बोलू लागले तेव्हा मात्र सभेने त्यांची हुर्यो केली. तेलुगू मंडळी बाहेर पडली आणि त्यातून आंध्र जनसंघ निघाला. तेलंगणाच्या पुढच्या इतिहासाचा एक उगम त्या सायंकाळी आहे. तेलुगूभाषक मोठ्या संख्येने राहत असलेल्या शहरात, सुधारणेसाठी भरलेल्या सभेत, आपल्याच संस्थेच्या छताखाली हे घडले. शिक्षण, विधवाविवाह, अस्पृश्योद्धार यांवर बोलणाऱ्यांना शेजाऱ्याची भाषा ऐकवली नाही. आपल्या गौरवग्रंथांतून विवेकवर्धिनीचा १९०७ पासूनचा अभिमानास्पद इतिहास सविस्तर येतो. ही संध्याकाळ, आली तर, एका ओळीत येते. आम्हांला ती ओळ लांबवावीशी वाटते. बोलण्याचा हक्क निजामांकडे मागणारे आणि तो रामारावांना नाकारणारे हे एकाच पेठेतले, कदाचित एकाच पंक्तीतले लोक होते.

तशीच एक गाळलेली ओळ १९४८ ची आहे. आपल्या घरांतल्या आठवणींत रझाकार आहेत, शोएबुल्लाखानांची हत्या आहे, १७ सप्टेंबर आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या आणि इतरत्रच्या मुसलमान वस्त्यांवर काय ओढवले ते त्या आठवणींत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते त्याच वर्षी पाहून लिहिले. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. जीविताचे संरक्षण 'कोणत्याही व्यक्तीस' आहे, हे अनुच्छेद २१ मधले शब्द वाचताना त्या वाचनवर्गात थोडी शांतता पसरली होती, एवढे नमूद करतो.

संविधान हैदराबादेत आले तेही एका अर्थी सनदेच्या वाटेने. संविधान सभेत हैदराबादचे प्रतिनिधी बसले नव्हते. अघोरनाथांच्या कन्या सरोजिनी नायडू सभेत होत्या, पण बिहारमधून निवडून आलेल्या. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामांनी फर्मानाने संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० रोजी तेच राजप्रमुख झाले. ज्या दस्तऐवजाने फर्मानांचा काळ संपवला तो आमच्याकडे फर्मानाने लागू झाला! आणि सनदेप्रमाणे त्याला तारीख होती. तेलंगणाच्या उठावातल्या काही कैद्यांना विशेष न्यायाधिकरणांनी फाशी सुनावली होती. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर १९४९ मध्ये ती कायम केली. जनार्दन रेड्डी आणि इतरांचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने डी. एन. प्रिट हे नामांकित इंग्रज बॅरिस्टर उभे राहिले. न्यायालयाने म्हटले, की संविधानापूर्वी अंतिम झालेल्या निर्णयांवर येथे अपील चालत नाही. जेमतेम सहा आठवड्यांनी हक्क हुकला. पुढे त्या शिक्षा सौम्य झाल्या, फाशी टळली. पण ती टळली दयेने, हक्काने नव्हे.

आणि आपल्या पेटीतल्या हक्कांचे काय झाले? तेही संविधानात आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची जोडली गेली. मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून ज्यांना रद्द ठरवता येणार नाही अशा तेरा कायद्यांची ती यादी होती. तीत सहावा मुंबईचा खोती निर्मूलन कायदा, सातवा परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायदा, आणि शेवटचे दोन, बारावा व तेरावा, हैदराबादच्या जहागिरी रद्द करण्याचे आणि त्यांचा मोबदला ठरवण्याचे विनियम. सनदेतला हक्क असा संविधानाच्या अडगळीच्या खोलीत, मृत्यूच्या दाखल्यासह ठेवलेला आहे. किताबही गेले, अनुच्छेद १८ ने राजा बहादूर, राजवंत, रायरायान यांचा निकाल एका ओळीत लावला. (मराठी पाठात 'किताब' हाच शब्द ठेवला आहे. पदवी म्हटले असते तर विद्यापीठे घाबरली असती.)

याविषयी आपल्या घरांत अजून एक सूक्ष्म तक्रार ऐकू येते: हक्क द्यावयास निघालेल्या संविधानाने आमचेच हक्क काढून घेतले. तक्रारीत वस्तुस्थितीचा अंश आहे. कित्येक घरांचे उत्पन्न एका रात्रीत गेले, मोबदला तुटपुंजा आणि उशिरा मिळाला, विधवांचे हाल झाले. कायद्यांची एक यादी न्यायालयाच्या नजरेबाहेर ठेवण्याची ती युक्तीही पुढे भलत्याच कामांसाठी वापरली गेली, हेही खरे. तरीसुद्धा तक्रारीतला हक्क आणि संविधानातला हक्क एकाच तराजूत घालता येत नाहीत, कारण पहिल्याला प्रजा लागते आणि दुसऱ्याला नागरिक. खळ्यातला वाटा आमचा होता तेव्हा खळे कोणाचे होते, हा प्रश्न आमच्या आजोबांनी विचारला नाही. आम्हीही फार उशिरा विचारला.

'प्रदान' या शब्दाची खरी किंमत देशाला १९७६ मध्ये कळली. आणीबाणीत जून १९७५ च्या आदेशाने अनुच्छेद २१ साठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते दार लावले. बहुमताचा तर्क सोप्या मराठीत सांगावयाचा तर असा, की हक्क या कागदाने दिला, कागद मिटला की हक्कही मिटला. वतनदाराला हा तर्क नवा वाटला नसता. न्यायमूर्ती खन्ना एकटे वेगळे राहिले: माणसाचा जीव ही कोणा कागदाची देणगी नाही, अनुच्छेद २१ नसता तरी कायद्यावाचून तो घेण्याचा अधिकार राज्याला नसता, असे त्यांच्या मताचे सार. वर सांगितलेल्या दोन आवाजांपैकी बहुमताने एक ऐकला, खन्नांनी दुसरा.

मराठी वाङ्मयाने या वेळी आपली बाजू राखली, हे सांगताना समाधान वाटते. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ साठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही असे ठरवले, आणि त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. १९७६ चा निर्णय स्पष्ट शब्दांत रद्दबातल व्हावयास मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निर्णय चुकीचा असल्याचे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव. नाटककाराने असे रचले असते तर समीक्षकांनी योगायोगाचा अतिरेक म्हणून नाके मुरडली असती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथील मराठी माणूस एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाला. ज्या सभेने तेलुगू वक्त्याची हुर्यो केली तिच्या वारसांना आता अनुच्छेद २९ आणि ३० यांचा आधार आहे: वेगळी भाषा असलेल्या नागरिकांना ती जतन करण्याचा हक्क, अल्पसंख्यांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाच्या सोयीविषयीचा अनुच्छेद ३५० क त्याच वर्षीच्या सातव्या दुरुस्तीने आला. तो मूलभूत हक्कांत नाही, राज्यावर टाकलेली अपेक्षा आहे, हा फरक विसरू नये. तेलंगणात आजही आपण या अनुच्छेदांच्या आश्रयाला आहोत.

वाचनवर्गाच्या शेवटच्या बैठकीनंतर आमच्यापैकी काहींनी एका कचेरीला मुलांच्या मराठी वर्गासंबंधी पत्र लिहावयास घेतले. आधीच्या दोन पत्रांना उत्तर आले नव्हते. मसुदा नेहमीच्या वळणाचा झाला: महोदयांनी कृपावंत होऊन मंजुरी द्यावी, आम्ही सदैव ऋणी राहू. काकांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि 'कृपावंत होऊन' यावर बोट ठेवले. "हे आमच्या पेटीतले आहे," ते म्हणाले. "काढा." एका वहिनींनी शंका काढली, की काढले तर साहेब रागावतील आणि वर्ग राहील बाजूला. बराच वेळ खल झाला. पत्र गेले त्यात अनुच्छेद २९ चा उल्लेख वरच्या परिच्छेदात आहे, आणि 'विनंती' हा शब्द खाली, सहीच्या आधी, तसाच राहिला आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.